चालू, गोठवलेलं, बंद

रेक्झिनवाल्यानं मशीन पुढं सरकवलं, समोरच्या बाईनं, कात्रीनं, त्यावर फोन टेकवला, आणि कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखं मशीन केकाटलं.

"नको म्हणतंय," रेक्झिनवाला म्हणाला. सभ्य माणूस. मागच्या गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून त्यानं मशीनचं तोंड हळूच स्वतःकडं वळवलं. "रेंजचं असेल. परत टेकवून बघा."

"रेंजचं नाही," कात्री म्हणाली. "माझ्या भावाचं आहे."

तिनं फोन उघडला. सकाळी घरून निघताना हिरवं असलेलं कार्ड आता निळं पडलं होतं, आणि त्याखाली लिहिलं होतं 'गोठवलेलं'. हे कार्ड म्हणजे हातात धरायची वस्तू नव्हतीच. ना प्लास्टिक, ना पाकिटात ठेवायची पंचाईत. फोनच्या काचेवरचं एक चित्र, त्यावर आकड्यांची रांग आणि 'कारखाना' असं नाव. पण त्या चित्राचा रंग बदलला की चांगली धडधाकट बाई काउंटरवर चोर ठरते. पैसा गोठवणं म्हणजे नुसता पैसा गोठवणं, असं ज्यांना वाटतं, ते कधी चार लोकांसमोर अशा मशीनपुढं उभे राहिलेले नसतात.

कुशनचं काम करणाऱ्या बाईच्या हातात कात्री असणारच. पण तिला सगळा बाजार कात्री म्हणायचा तो हातावरून नव्हे, जिभेवरून. खुर्च्या, सोफे, डॉक्टरांची टेबलं, सलूनच्या खुर्च्या, ज्याच्यावर माणूस टेकतो ते सगळं उसवून नव्यानं मढवायचं, हा वडिलांचा धंदा. वडील गेले तेव्हा धंदा दोघांच्या नावावर निम्मानिम्मा ठेवून गेले. कारखाना ती बघायची. थोरला भाऊ, म्हणजे दादा, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका उंच इमारतीत ऑफिस घेऊन बसला होता. ऑर्डरी आणणं, बिलं लावणं आणि थंड खोलीत बसून गरम होणं, हे त्याचं काम.

तिनं तिथूनच त्याला फोन लावला.

"कार्ड का गोठवलंस?"

"तू कुठं आहेस?"

"तुला माहिताय मी कुठं आहे. माहिताय म्हणूनच गोठवलंस."

"तो माल घ्यायचा नाही, हे मी काल स्वच्छ सांगितलं होतं. मी दुसरा रोल पाठवलाय टेम्पोनं. निम्म्या भावात. दिसायला डिट्टो."

"दिसायला."

"अगं खुर्ची लोक बघतात आधी."

"ही बघायची खुर्ची नाही, दादा. डायलिसिसची आहे. माणूस चार-चार तास हाताला नळ्या लावून पडून असतो तिच्यात. तो उठला की जंतुनाशकानं घासून पुसतात, की लगेच दुसरा. तुझा डिट्टो दोन महिन्यांत भेगाळेल."

"आपली हमी दीड महिन्याची आहे."

कात्रीनं आवाज खाली आणला. तिचा आवाज खाली आला की तिला ओळखणारे एक पाऊल मागं सरकत. रेक्झिनवालाही सरकला.

"हे वाक्य बाबांसमोर बोलला असतास ना, तर त्यांनी तुला खुर्चीलाच स्टेपल केलं असतं."

"बाबा नाहीत आता. मी आहे. जरा शहाण्यासारखी वाग, संध्याकाळपर्यंत चालू करून देतो."

शहाण्यासारखी वाग! ज्याच्या हातात पैशाचा नळ असतो, त्याला जगातलं सगळं शहाणपण त्या नळाच्या चावीत आहे असं वाटतं. कात्रीनं फोन कापला.

"मला हा रोल आजच पाहिजे," ती रेक्झिनवाल्याला म्हणाली.

"ठेवला असता हो महिनाभर. पण दवाखान्याच्या मालातला हा शेवटचा आहे, आणि एक हॉटेलवाला सकाळपासून दोनदा हात लावून गेलाय. त्याला बारच्या स्टुलांना मारायचाय." रेक्झिनवाल्यानं मान खाजवली. "दुकान बंद करेपर्यंत थांबतो. पुढं मला बोल लावू नका."

"दुकान बंद व्हायच्या आत येते."

"कार्ड तोवर—"

"ते माझ्यावर सोडा."

स्वतःच्या पदरचे पैसे टाकून रोल उचलायची अक्कल तिला नव्हती असं नाही. पूर्वी दोनदा उचलला होता. दोन्ही वेळा दादा म्हणाला होता, "बघ, जमतंय की तुला!" आणि ते पैसे तिनं मागितले तेव्हा, "एकाच घरातलं आहे गं, कुठं जातंय?" तेव्हापासून तिनं ठरवलं होतं, कारखान्याची एक टाचणीसुद्धा स्वतःच्या पैशानं आणायची नाही. इरेला पेटली होती म्हणा हवं तर. पण इरेला पेटल्याशिवाय ज्यांना काहीच मिळत नाही, त्यांना ती चैन परवडते.

*

ते कार्ड जन्मलं तेव्हा पिवळं होतं.

दादानं ऑफिसातून अर्ज केला होता, आणि अर्ज केल्याबरोबर कात्रीचा फोन वाजला होता. एका सलूनच्या खुर्चीखाली ती उताणी पडून पट्टे ओढत होती. काचेवर पिवळी चौकट, 'मंजुरीच्या प्रतीक्षेत'. धंदा दोघांच्या नावावर, त्यामुळे नवं कार्ड काढायचं तर दोघांचा होकार लागायचा. बँकेचा नियमच तसा. दादानं फोनवरून घाई केली होती, "दाब गं पटकन, अंगठा दे, मला मीटिंग आहे." तिनं दातात धरलेले खिळे काढले, बोटाचा डिंक पुसला आणि अंगठा दिला. पिवळ्याचं हिरवं झालं. चालू.

जन्माला घालायला दोघं, पण वाढवायचा मान एकट्या दादाला. मर्यादा तो ठरवायचा, गोठवायचा तो, वितळवायचा तो. कात्री नुसती वापरणारी. तिच्या पडद्यावर एकच बटण होतं, अगदी तळाशी, तांबड्या अक्षरात: 'कार्ड कायमचं बंद करा'. फोन हरवला, चोरीला गेला तर वापरणाऱ्याला ताबडतोब कार्ड मारून टाकता यावं, म्हणून दिलेलं. त्या बटणाकडं तिनं आजवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

दादानं मात्र कार्डाकडं भरपूर पाहिलं. कायदा असा होता की कारखान्याचं कार्ड कारखान्याच्या मालासाठी. पण ऑफिसच्या इमारतीखालच्या पार्किंगमधून बाहेर पडताना पैसे आपोआप कापले जावेत म्हणून गाडीचा नंबर कार्डाला जोडायचा होता, त्या दिवशी समोर हेच कार्ड होतं. त्यानं तेच जोडलं. मग ऑफिसचा फोन. मग व्यायामशाळा, जिथं तो महिन्यातून एकदा जाऊन स्वतःचा फोटो काढायचा. मग वहिनीचा पोहण्याचा क्लास. सगळं 'कारखाना' या नावाखाली. आणि घरात चारचौघं जमले की हाच गृहस्थ उसासा टाकून म्हणायचा, "कारखाना फार खातो हो!"

यात लपूनछपून काहीच नव्हतं. कार्ड कुठंही घासलं तरी कात्रीचा फोन टिंग करायचा. तिनं त्याला तोंडावर विचारलंही होतं, "माझ्या कारखान्याला पोहायला कधीपासून यायला लागलं?" दादा हसला होता. वहिनीसुद्धा हसली होती, जरा कमी.

*

कारखान्यात ती पोचली तेव्हा दादाचा डिट्टो रोल कटिंगच्या टेबलावर येऊन पसरला होता, आणि शिवणकाका त्याच्याकडं शेजाऱ्याच्या दारुड्या पाहुण्याकडं बघावं तसे बघत होते. शिवणकाका वडिलांच्या वेळेपासून मशीनवर. खांदे वाकलेले, पण टाका अजून सरळ.

"ही काय ब्याद आहे?" त्यांनी विचारलं.

"दादाची भेट."

काकांनी रोलचं एक टोक उचललं, दुमडलं, अंगठ्यानं घडीवर दाब दिला. घडीवर पांढरी रेघ उमटली. "अजून शिवलं नाही तर म्हातारं झालं हे."

"हे आपण शिवणार नाही आहोत."

"तुझा दवाखानी माल कुठाय?"

"दुकानात. कार्ड गोठवलंय."

"पुन्हा?" काका मशीनवरून उठले. "सिस्टरना सोमवारी खुर्च्या द्यायच्यात पोरी. फोम कापून झालाय, सांगाडे रंगवून झालेत. कापड नाही आलं तर सोमवारी काय, उघडे सांगाडे पाठवायचे?"

ते तिला सांगायची गरज नव्हती. डायलिसिस सेंटरच्या जुन्या खुर्च्या तिनं स्वतः जाऊन पाहिल्या होत्या. रेक्झिनला भेगा, भेगांवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर दुसरी चिकटपट्टी. एक बाई खुर्चीत पडून होती तिथं, कोपराखाली घडी केलेला टॉवेल. कात्रीनं टॉवेल का म्हणून विचारलं, तर बाईनं हात उचलून दाखवला. भेगेच्या कडेनं कोपर सोलून निघालं होतं. सगळा कारभार बघणारी सिस्टर म्हणाली होती, "वरून पुसते हो मी. पण आत फोममध्ये काय काय मुरलंय, ते मला विचारू नका. मागच्या कुशनवाल्यानंही चांगला माल लावतो म्हणून सांगितलं होतं." आणि कात्रीनं तिच्या नजरेला नजर देऊन सांगितलं होतं, "मी दवाखानी माल म्हणते तेव्हा दवाखानी मालच येतो."

आता तो शब्द एका निळ्या चित्राखाली अडकला होता.

फोन टिंग झाला. तिनं पाहिलं आणि हसायला लागली.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"पोहण्याचा क्लास. पैसे नाकारले."

पाठोपाठ घंटी वाजली. वहिनी.

"वन्सं," वहिनी म्हणाली. वहिनी एरवी तिला कात्रीच म्हणायची. वन्सं म्हणाली की काहीतरी काम असायचं. "वन्सं, मी इथं टोपी घालून उभी आहे आणि ही मुलगी मला पाण्यात उतरू देत नाहीये. कार्ड चालत नाही म्हणते."

"तुमच्या नवऱ्यानं गोठवलंय."

"तुझ्यावर चिडून?"

"माझ्यावर चिडून."

"आणि मी कोरडी." वहिनी फणकारली. "दर वेळचं आहे हे. तुझ्यावर रागावून गोठवायचं, आणि मग पार्किंगच्या फाटकाच्या दांडीशी स्वतःच अडकायचं. मागच्या वेळी मी गाडीत होते ना! दांडी उठेना, मागून भोंगे, आणि हे घाम पुसत फोनवर कार्ड चालू करतायत. बाहेर पडलो की परत गोठवलं. मी म्हटलं, अहो, पाच मिनिटांचा कसला हा राग? तर म्हणाले, तिला धडा मिळायला पाहिजे."

कात्री खुर्चीच्या सांगाड्यावर टेकली. भोंगे तिला ठाऊक नव्हते, दांडीही ठाऊक नव्हती. पण संध्याकाळची ती टिंग तिला ठाऊक होती. गोठवलेल्या दिवसांतसुद्धा संध्याकाळी पार्किंगचे पैसे गेल्याची टिंग यायची, आणि ती म्हणायची, बघा, ह्याच्या गाडीला बरोबर जाऊ देतं. कार्ड आपणहून जाऊ देत नव्हतं. दादा स्वतःसाठी दार उघडत होता आणि ते तिच्यासाठीही उघडं राहत होतं. फक्त तेव्हा ती कधी काउंटरवर नसायची. घरी जेवायला बसलेली असायची.

"वहिनी, आज निघणार कधी ते?"

"नेहमीच्याच वेळेला. का गं?"

"काही नाही. तुम्ही टोपी काढा आता."

*

दिवस कलला तेव्हा ती रेक्झिनच्या दुकानात स्टुलावर बसली होती. हॉटेलवालाही येऊन बसला होता, पायावर पाय टाकून, हातात नोटांचं पाकीट. गोल, गुळगुळीत माणूस.

"ताई, उगाच ताटकळताय," तो म्हणाला. "रोल सोडा. मी तुम्हाला माझ्याकडं एक कॉफी पाजतो."

"बारच्या स्टुलाला दवाखानी रेक्झिन कशाला लागतं हो?"

"लोक सांडतात."

"मग लोकांना कमी पाजा."

रेक्झिनवाल्यानं खोकल्याच्या नावाखाली हसून घेतलं. मग शटरची काठी कोपऱ्यातून काढून हाताशी ठेवली. ती त्याची पद्धत होती. तोंडानं जा म्हणायचं नाही, काठी काढायची. हॉटेलवाला काठीकडं बघून उठला आणि त्यानं रोलवर हात ठेवला, आपल्याच गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

"मशीन इकडं द्या," कात्री म्हणाली. "आणि चालू ठेवा."

तिच्या फोनवर कार्ड निळंच होतं. शहराच्या पलीकडं एक माणूस आत्ता लिफ्टनं खाली येत असेल, चावी फिरवत असेल, गाडी दांडीपाशी आणत असेल. तिनं लहानपणापासून त्याला पाहिलेलं होतं. त्याला थांबायला जमत नाही. रांगेत नाही, सिग्नलला नाही, गरम चहा गार व्हायलासुद्धा नाही. या एका गोष्टीवर ती डोळे मिटून कारखाना गहाण ठेवायला तयार होती.

टिंग. 'पार्किंग: पैसे नाकारले.'

"आला दांडीशी," ती म्हणाली.

"कोण आला?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

कार्डाचा निळा रंग एकदम गेला आणि हिरवा आला. टिंग. 'पार्किंग: मंजूर.' ती टिंग संपायच्या आत कात्रीनं फोन मशीनवर टेकवला होता. मशीन जरा विचारात पडल्यासारखं थांबलं. मग त्यानं चिठ्ठी ओकायला सुरुवात केली.

"मंजूर," रेक्झिनवाला म्हणाला, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाला की रस्त्यावरच्या माणसानं वळून पाहिलं.

चिठ्ठी अर्धी बाहेर आली होती तोवर कार्ड पुन्हा निळं झालं. दादा दांडीबाहेर पडला होता.

"आता त्यानं गोठवलं," कात्री म्हणाली. "तुमचे पैसे अडकतील का?"

"छे. मशीननं एकदा हो म्हटलं की झालं. मागून गोठवा, नाहीतर अख्खं कार्ड मारून टाका. हो ते हो."

"अख्खं मारलं तरी?"

"तरी."

तिनं चिठ्ठी फाडून घेतली आणि घडी करून ठेवली. मग हॉटेलवाल्याला म्हणाली, "हात काढा. माझा आहे तो."

*

दादाच्या फोनवर रोलची टिंग झाली होती, ती त्यानं घरी जाऊन, बूट काढून, फोन हातात घेतल्यावर पाहिली असावी. कारण तो कारखान्यात आला तो बुटांऐवजी चपला घालून, आणि एक मोजा पायात तसाच.

"रोल परत द्यायचा," दारातूनच तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. माझ्या परवानगीशिवाय एक इंच—"

कटिंगच्या टेबलावर दवाखानी माल अंथरला होता. त्यावर खडूच्या रेघा मारून झाल्या होत्या. कात्रीनं मोठी कात्री उचलली, वर पाहिलं, भावाच्या डोळ्यांत बघत पहिला काप घेतला आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालत गेली. रेक्झिन कापल्याचा तो खरखरीत, तृप्त आवाज दोघांनीही लहानपणी या टेबलाखाली झोपून ऐकलेला होता.

"कापलेला माल परत घेत नाहीत," ती म्हणाली.

"तुझं डोकं फिरलंय? मी एकदा नाही म्हटलं ना?"

"तू मालक आहेस निम्म्याचा. मीही निम्म्याची. तुझ्या निम्म्यानं नाही म्हटलं, माझ्या निम्म्यानं हो म्हटलं. मग हे कार्ड दर वेळी तुझंच का ऐकतं?"

"कारण व्यवहार मला कळतो! तुझ्या हाती दिलं तर वर्षभरात दिवाळं. कारखान्याचा खर्च बघितलायस?"

"बघितलाय. पोहतो, व्यायाम करतो, पार्किंगमध्ये उभा राहतो. भारी तब्येतीचा कारखाना आहे."

शिवणकाकांनी मशीनच्या चाकात तेल घालायला तोंड खाली घातलं आणि ते वर काढलंच नाही.

दादाचे कान लाल झाले. "हे बघ. हे कार्ड आता निळंच राहणार. महिनाभर. दोरा पाहिजे, माझ्याकडं माग. सुई पाहिजे, माझ्याकडं माग. मागशील तेव्हा कारण सांग. पटलं तर चालू करीन, नाही पटलं तर नाही. मग बघू तुझं निम्मं."

यात त्यानं चूक केली. रागावला ही चूक नव्हे; रागावणं त्याच्या अंगातच होतं. मनातलं स्पष्ट बोलला, ही चूक. तोवर कात्रीला वाटत होतं की हे सगळं एका रोलचं भांडण आहे. आता तिला कळलं की भांडण रोलचं कधीच नव्हतं. हा माणूस तिला मारणारही नव्हता आणि सोडणारही नव्हता. उबेत ठेवायचं का गारठ्यात, हे रोज सकाळी उठून ठरवणार होता.

तिनं कात्री खाली ठेवली. फोन घेतला. पडदा खाली, खाली, अगदी तळाशी सरकवला.

"काय करतेस?"

"तुझं बटण माझ्याकडं नाही. माझं एक आहे."

'हे कार्ड कायमचं बंद होईल. पुन्हा चालू करता येणार नाही.' खाली हो आणि नाही. तिनं अंगठा दिला. निळा रंग गेला, हिरवा आला नाही. कार्ड राखाडी झालं, आकडे पुसट झाले, आणि त्याखाली एकच शब्द राहिला. बंद.

दादानं तिच्या हातातून फोन घेऊन पाहिलं. मग स्वतःचा काढून पाहिलं. तिथंही राखाडी. त्यानं त्यावर बोट दाबलं, दोनदा, तीनदा, मेलेल्या किड्याला डिवचावं तसं. मग हसला.

"मूर्ख आहेस. उद्या सकाळी मी नवीन काढतो."

"काढ की."

"हां. काढतोच."

"काढ. पिवळं येईल."

दादाचं हसू ओठांवरच वाळलं. पिवळं त्याला आठवलं नव्हतं. गोठवायची आणि वितळवायची इतकी सवय लागली होती, की जन्माला घालायला दोन अंगठे लागतात हे तो पार विसरून गेला होता.

"तू देशील मंजुरी," तो म्हणाला. पण ते विचारल्यासारखं ऐकू आलं.

"सोमवारनंतर बघू. आत्ता हात भरलेत माझे."

*

सकाळी पहिली टिंग झाली ती पिवळी. 'मंजुरीच्या प्रतीक्षेत.' नवं कार्ड, नाव तेच, अटी त्याच: वापरणार ती, गोठवणार तो. तिनं नकार दाबला आणि स्टेपल गन उचलली. तिला कशाची अडचण नव्हती. फोम होता, दोरा होता, कापड होतं, काका होते. ज्याला ज्याला त्या कार्डाचं नळकांडं लावलेलं होतं ते सगळं दादाचं होतं. ऑफिसचा फोन अडकला. व्यायामशाळेनं 'आम्हाला तुमची आठवण येते' असा निरोप पाठवला. संध्याकाळी घंटी वाजली, आणि त्याच्या आवाजामागं भोंग्यांची जत्रा.

"दांडी उठत नाहीये!"

"मेलेलं कार्ड आहे ते, दादा. कितीही हाक मारलीस तरी उठणार नाही."

"पिवळं मंजूर कर ना, आत्ता! माझ्या मागं सात गाड्या आहेत!"

"खिशात पैसे असतील की."

"माझे?" त्यानं असं विचारलं, जणू तिनं किडनी मागितली होती.

"तुझे. तिथं एक माणूस बसलेला असतो खिडकीत. त्याला दे, तो हातानं दांडी उचलतो."

फोन बंद झाला. रात्री वहिनीचा निरोप आला: 'दिले. स्वतःच्या खिशातले. घरी येऊन पाणी प्यायले.' आणि खाली: 'वन्सं, माझा क्लास मी माझ्या पैशानं लावलाय. मला आधीच लावायला पाहिजे होता.'

पिवळं पुन्हा आलं, ते मर्यादा वाढवून. नकार. मग आलं ते 'दोघंही गोठवू शकतात' असं. यावर तिनं जरा विचार केला, मग नकार दाबून त्याला लिहिलं: 'दोन कार्डं. एक कारखान्याचं, त्यावर फक्त कारखाना. एक ऑफिसचं, त्यावर तुझं जे काय असेल ते. माझं तू गोठवायचं नाहीस, तुझं मी गोठवणार नाही.' उत्तर आलं नाही. तिनं वाट पाहिली नाही. खुर्चीच्या हाताच्या टोकाला रेक्झिन ताणून बसवताना कशाची वाट बघायला सवड नसते. एक सुरकुती राहिली तर तिथंच पुढची भेग.

रविवारी दुपारी शेवटची खुर्ची उभी राहिली. समुद्रासारखा गडद रंग, शिवण आत दुमडलेली, कोपराच्या जागी कड नाही. सिस्टर स्वतः बघायला आली होती. तिनं आधी काही बोलायच्या ऐवजी पिशवीतून आपली जंतुनाशकाची बाटली काढली, खुर्चीच्या हातांवर, पाठीवर, फटीत फवारलं आणि दात-ओठ खाऊन घासलं. मग शिवणीत नख घालून पाहिलं. नख आत जाईना.

"हं," सिस्टर म्हणाली. त्या बाईच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळ झालं. "उद्या सकाळी गाडी पाठवते."

ती गेली आणि दारात दादा उभा राहिला. या वेळी दोन्ही पायांत बूट होते. त्यानं खुर्च्यांकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं, सगळ्यात शेवटी बहिणीकडं. फोन हातात होता, पण तो दाखवला नाही.

कात्रीचा फोन टिंग झाला. दोन पिवळ्या चौकटी, एकाखाली एक. तिनं वाचलं. अटी वाचल्या. परत वाचल्या. तिनं लिहिलेल्या होत्या तशा, शब्दही बदललेला नव्हता.

"झालं समाधान?" दादा म्हणाला.

"अजून नाही. ये इकडं. बस."

"कुठं?"

"शेवटच्या खुर्चीत. माल जायच्या आधी मालकानं बसून बघायचं, बाह्या वर करून. विसरलास?"

वडिलांची पद्धत होती ती. एकही खुर्ची त्यांनी तशी बसल्याशिवाय दाराबाहेर जाऊ दिली नव्हती. दादानं ती ऑफिस घेतल्यापासून सोडली होती.

"मला वेळ नाहीये गं—"

"मग पिवळ्यालाही वेळ नाही."

दादानं काकांकडं मदतीसाठी पाहिलं. काकांनी पंखा खुर्चीकडं वळवून दिला. शेवटी त्यानं बाह्या दुमडल्या, अवघडून बसला, मागं रेलला. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, नळ्या लावलेल्या माणसासारखे, तळवे वर करून. कोपर एकदा हलवलं. परत हलवलं. टोचेना.

"चार तास?" त्यानं विचारलं.

"चार तास. आठवड्यातून तीनदा."

तो छताकडं बघत पडून राहिला. त्याला थांबायला जमत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं त्याला जरा थांबू दिलं. हातातल्या कापडाचा शेवटचा दोरा दातानं तोडला, बोटाचा डिंक पुसला, आणि मग एकेका चौकटीवर अंगठा दिला.

"दादा, ऊठ आता," ती म्हणाली. "तुझी खुर्ची नाही ती."